फागूण ते आखाजी : यंदा कुठे गेलात, काय पाहिलंत, हातून काय घडलं?

जळगावहून

नमस्कार मंडळी. मी जलरंगात चित्रं काढते, शाळेत चित्रकला शिकवते, घरी दोन मुलं, नवरा आणि सासरे. हा धागा काढायचं कारण एवढंच की होळीपासून आखाजीपर्यंतचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतचे, हे दीड-दोन महिने आपल्याकडे नुसते "काय ऊन आहे हो" म्हणण्यात निघून जातात, आणि मला तर मनापासून वाटतं की खान्देशात पाहण्यासारखं, ऐकण्यासारखं सगळ्यात जास्त याच दिवसांत असतं. तर यंदा घरच्यांना घेऊन कुठे गेलात, काय पाहिलंत, काय ऐकलंत, हातून काही घडलं का, चित्र, गाणं, कुरडया, काहीही, ते लिहा. छोटं लिहा, मोठं लिहा, अहिराणीत लिहा, लेवा बोलीत लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते.

आमच्याकडे वसंत असतो सकाळी सहा ते साडेआठ. त्यानंतर ऊन. नऊ वाजता कागदावर आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, टाकला की ब्रश दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत पहिलं टोक वाळलेलं असतं, मधेच कडक रेघ उमटते आणि मग त्या रेघेचं काही करता येत नाही. म्हणून कितीतरी वर्षं मी मार्च ते जून जलरंगांचा डबा कपाटातच ठेवायचे. यंदा ठरवलं की ठेवायचा नाही. कागद मागून-पुढून चांगला भिजवायचा, प्लॅस्टिकच्या पाटीवर चिकटवायचा, पाण्यात ग्लिसरीनचे दोन-चार थेंब टाकायचे आणि पंखा बंद. कूलर चालला तर उलट बरं, हवेत ओल राहते. एवढ्यानं दहा-बारा मिनिटं हातात मिळतात आणि तेवढी पुरतात.

होळीच्या आधीच्या रविवारी सगळे सातपुड्यातल्या पालला गेलो. भुसावळ, सावदा, फैजपूर, मग खिरोदा. खिरोद्याला मी सप्तपुट ललित कला भवनात शिकले त्यामुळे तो रस्ता डोळे मिटून माहीत आहे, केळीच्या बागा संपतात आणि सातपुडा समोर येतो ती जागा सुद्धा. पण पळस मी आजवर लांबूनच काढत आले होते. लांबून तो पेटल्यासारखा दिसतो म्हणून आपण सगळे लाल रंग उचलतो. यावेळी एक फांदी खाली आलेली होती, फूल हातात घेऊन नीट पाहिलं तर पाकळी लाल नाहीच मुळी, नारिंगी आहे, आणि तिच्यावर बारीक रुपेरी लव आहे म्हणून उन्हात ती जराशी दुधाळ दिसते. देठाशी जो पेला असतो तो काळपट तपकिरी, हाताला अगदी मखमल. त्या काळ्यामुळे नारिंगी पेटतं. वीस वर्षं पळस काढतेय आणि तो काळा रंग मी कधी वापरलाच नव्हता.

मी तिथे दोन तास बसले. मुलं नवऱ्याबरोबर खाली नाल्यात गेली, सासरे माझ्याजवळ थांबले. त्यांना चित्रात तसा रस नाही, कधी काही बोलत नाहीत. मी काम करत होते आणि ते खाली पडलेली फुलं एकेक उचलून टोपीत भरत होते. घरी आल्यावर पातेल्यात भिजत घातली, सकाळी ते पातेलं माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाले, "आम्ही लहानपणी याच रंगानं खेळायचो, बघ तुझ्या कागदावर चालतो का." चालला. केशरी पिवळा, फार पातळ, दोन-तीन हात द्यावे लागतात. टिकणार नाही हे मला माहीत आहे, उन्हात उडतो हा रंग. पण त्या चित्रात खालची सगळी जमीन त्याच पाण्याची आहे आणि ते चित्र मी विकणार नाही.

आता तुम्ही लिहा.

नंदुरबारहून

ताई, छान विषय. मी शिक्षक आहे, शहाद्याजवळ नोकरी, मूळ गाव साक्री तालुक्यात. यंदा पहिल्यांदा बायको आणि मुलीला घेऊन काठीच्या होळीला गेलो. काठी म्हणजे अक्कलकुवा तालुक्यातलं, सातपुड्यात आत, तिथली राजवाडी होळी. आपल्याकडे होळी संध्याकाळी पेटते, तिथे पहाटे पेटते. म्हणजे रात्रभर जागायचं. मुलगी नऊ वर्षांची, म्हटलं झोपेल, पण ती काही झोपली नाही.

मोरपिसांचे उंच टोप घातलेले, अंगावर राखेचे पांढरे ठिपके आणि रेघा, कमरेला वाळक्या भोपळ्यांची आणि घुंगरांची माळ, असे शेकडो जण गोल धरून नाचतात. ढोल एवढे मोठे की आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त लागतो. मी मोबाईलवर शूटिंग करत होतो, नंतर बंद केलं, कारण त्यात काहीच येत नव्हतं. मग नुसतं पाहत बसलो.

नवस केलेल्या एका पोराशी बोललो, विशीचा असेल, कमरेला भोपळे बांधलेले. त्यानं सांगितलं की पाळणूक आहे तोवर खाटेवर झोपायचं नाही, पायात चप्पल नाही. सकाळी परत जाताना माझी मुलगी चप्पल हातात घेऊन चालत होती. आम्ही तिला काही सांगितलं नव्हतं.

घरी आल्यापासून ती भिंतीला टेकवलेल्या जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला ठिपकेच ठिपके काढतेय. चुन्याची निवळी आणि काडी. ताई, तुम्ही चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून विचारतो, तिला असंच करू द्यावं ना? की रंगपेटी आणून देऊ?

जळगावहून

दादा, काहीच आणून देऊ नका. चुना संपला की चुना द्या फक्त.

भुसावळहून

मी रेल्वेतून रिटायर झालेली बाई, बासष्ट वर्षांची. चित्र काढत नाही पण पाहायला फार आवडतं. यंदा सून, नातू, आणि माझ्या ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई असे आम्ही अजिंठ्याला गेलो. सासूबाईंचा जन्म यावल तालुक्यातला, सगळं आयुष्य शेतात गेलं, आणि इथून जेमतेम नव्वद किलोमीटरवर असलेलं अजिंठा त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या म्हणायच्या "मले काय कयते त्यातलं." मी म्हटलं चला तर खरं.

जिल्ह्याच्या हिशोबानं अजिंठा आपलं नाही, पण जळगाव-भुसावळच्या माणसाला ते परसातलंच वाटतं. जायचं असेल तर सोमवार सोडून जा, सोमवारी बंद असतं. आणि पहाटे निघा. खाली गाड्या लावून तिथल्या बसनं आत जावं लागतं, मग पायऱ्या. सासूबाईंना डोलीवाल्यांनी नेलं. आधी त्यांना फार संकोच वाटला, चौघांच्या खांद्यावर कसं बसायचं म्हणून, नंतर त्या त्या माणसांशी त्यांच्या गावाकडच्या पिकापाण्याचं बोलायला लागल्या आणि वर पोचेपर्यंत चौघांची घरची सगळी माहिती त्यांच्याकडे होती.

लेणी नंबर एकमध्ये आत गेलं की पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही. बरेच लोक तेवढ्यातच बाहेर पडतात हो, मी डोळ्यांनी पाहिलं, आत येतात, फोटो काढतात, "अंधार आहे" म्हणतात आणि जातात. थांबायचं असतं. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना वेळ द्यावा लागतो. मग हळूहळू भिंतीतून तो बोधिसत्त्व पद्मपाणी वर येतो, आधी मुकुट, मग कपाळ, मग ते खाली झुकलेले डोळे, आणि सगळ्यात शेवटी हातातलं कमळ. दीड हजार वर्षं झाली त्याला.

सासूबाई मात्र पद्मपाणीकडे कमी आणि बाजूला जिथे रंगाचा पोपडा निघालाय तिथे जास्त पाहत होत्या. एकदम म्हणाल्या, "हे तं गारा हाये. भुसा घालून लिपलेला गारा." मी गाईडला विचारलं तर तो म्हणाला आजी बरोबर बोलतायत. खडकावर आधी माती, त्यात भाताचा तूस, गवताचे धागे, त्यावर चुन्याचा पातळ हात, तो वाळल्यावर गेरू, पिवळी माती, काजळ, हिरवी माती असे रंग. फक्त निळा तेवढा लांबून आणलेला, लाजवर्द दगडाचा. सासूबाईंनी जन्मभर शेणामातीनं भिंती लिपल्या. त्यांना सतरा नंबरच्या लेणीत कथा कुठली हे नाही कळलं, पण लिपणाऱ्याचा हात कुठे फिरलाय ते त्या नातवाला दाखवत होत्या, "हे पाय, इथून अशी बोटं वढली त्यानं." मला नाही माहीत ते खरं होतं का, पण आम्ही सगळे त्यांच्या बोटाकडे पाहत होतो.

अजून एक. आपल्या भुसावळच्या जुन्या युरोपियन कबरस्तानात रॉबर्ट गिल हा इंग्रज चित्रकार पुरलेला आहे. १८४४पासून हा माणूस अजिंठ्यात बसून त्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला करत होता, त्यातल्या बहुतेक १८६६ला लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, आणि तरी तो इकडे पुन्हा कामाला लागला. १८७९ला गेला. त्याची आणि त्याच्या इथल्या प्रेयसीची, पारोची, गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पारोची कबर अजिंठा गावात. पण मला गोष्टीपेक्षा ते पुन्हा बसणं मोठं वाटतं. आम्ही परत आल्यावर दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन कबरीवर गेले, वाळकं गवत होतं, त्यानं आपल्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी दगडावर ओतून अक्षरं पुसून वाचली.

जळगावहून

काकू, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. हे वाचून मी उठून भिंतीला हात लावून आले.

एक भर घालते. बंगालचे चित्रकार नंदलाल बोस तरुणपणी १९०९-१०च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीबरोबर अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला आले होते. तेच नंदलाल बोस १९३६ला फैजपूरला आले, काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन, गांधीजींनी त्यांना बोलावून घेतलं आणि बांबू, चटया अशा गावात मिळणाऱ्या सामानातून ते नगर सजवून घेतलं. पालच्या रस्त्यावर फैजपूर लागलं तेव्हा मुलांना हेच सांगत होते.

धुळ्याहून

मनं तं काई चित्र नई ना काई नई. यंदा बिबडा कयात. बस. (आता मराठीत लिहिते, नाहीतर निम्म्यांना कळणार नाही.)

बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी तीन दिवस भिजवायची, कुटायची, रात्री दळून ठेवायची आणि पहाटे चारला चुलीवर घाटा लावायचा. लसूण, तीळ, मिरची. घाटा ढवळायला दोन माणसं लागतात, एकाचा हात भरून येतो. मग गच्चीवर ओल्या धोतरावर पाण्याच्या हातानं थापायचे, सूर्य वर यायच्या आत. माझ्या सुनेनं यंदा पहिल्यांदा थापले, ती नागपूरची. पहिला फाटला, दुसरा फाटला, पंधराव्यापासून असा गोल आला की शेजारीण गच्चीवरून विचारते कोणी थापला म्हणून. ओळीनं एकशे चाळीस. सुनेनं वरच्या टाकीवर चढून फोटो काढला, पांढऱ्या धोतरावर ते सगळे गोल, मधे माझ्या सासूचं जुनं लुगडं वाळत घातलेलं. ताई, तुम्ही त्याला चित्र म्हणाल की नाही माहीत नाही, मी म्हणते.

आणि चैत्रात एकवीरा आईच्या यात्रेला पांझरेच्या काठी गेलो, दरवर्षी जातो.

ठाण्याहून, मूळचा चाळीसगावचा

मी डिझायनर आहे, दिवसभर कॉम्प्युटरवर. वडील पंचाहत्तरीचे, चाळीसगावलाच राहतात. दरवर्षी मुलांच्या परीक्षा संपल्या की आम्ही जातो आणि दरवर्षी पाटणादेवी ठरलेली. चंडिकेचं दर्शन, मग जंगलात थोडं आत. तिथला शिलालेख म्हणजे भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला त्याचा, १२०७चा. गणितवाल्या मुलीला ते फार आवडतं.

पण यंदा वडील म्हणाले मला मूस साहेबांकडे जायचंय. केकी मूस. चाळीसगावच्या बाहेर फार लोकांना माहीत नाहीत म्हणून थोडं लिहितो. १९१२चा जन्म, मुंबईत, पारशी. इंग्लंडमध्ये कला शिकून आले आणि चाळीसगावला स्टेशनजवळच्या बंगल्यात राहिले ते जवळजवळ बाहेर न पडता, १९८९च्या ३१ डिसेंबरला गेले तोवर. फोटोग्राफी, शिल्पं, चित्रं, लाकूडकाम, सतार, सगळं त्या घरात. आणि टेबलटॉप फोटोग्राफी, म्हणजे टेबलावर कापूस, माती, काड्या असल्या साध्या सामानातून देखावा उभा करायचा आणि त्याचा फोटो असा काढायचा की बघणाऱ्याला खराखुरा डोंगर, खराखुरा बर्फ वाटावा. कुणाची तरी वाट बघत ते रोज ठरावीक गाडीच्या वेळेला दारं उघडी ठेवायचे असं गावात सगळे सांगतात, मी लहानपणापासून ऐकत आलोय.

मी या घरासमोरून शाळेत गेलो. दहा वर्षं रोज. कधी आत गेलो नाही. आता ते संग्रहालय आहे.

आत गेल्यावर वडील एका फोटोसमोर थांबले, बर्फातला देखावा होता, आणि मला म्हणाले, "हे टेबलावर आहे. बाहेर पंचेचाळीस डिग्री असेल तेव्हा केलेलं." ते नुसतं अंदाजानं बोलले, पण मी ते डोक्यातून काढू शकलो नाही. एक माणूस चाळीसगावच्या मे महिन्यात खिडक्या लावून कापूस पिंजतोय आणि बर्फ करतोय. मी दहा मिनिटांत कॉम्प्युटरवर बर्फ पाडतो. मला त्याचं वाईट वाटलं नाही, पण त्या दिवशी संध्याकाळी मी, मुलगी आणि वडील, आम्ही तिघांनी जेवणाच्या टेबलावर रवा, तुरीच्या काड्या आणि बॅटरी घेऊन एक वाळवंट केलं. चार तास गेले. सावली नेमकी पडेना. वडील बॅटरी धरून उभे होते, हात थरथरायचा, मग त्यांनी कोपर खुर्चीच्या पाठीवर टेकवलं आणि एका क्षणी रव्याच्या त्या ढिगाला उतार आला, म्हणजे खरोखर दूरवरचा उतार. मुलगी ओरडली, "आजोबा हलू नका!" आणि फोटो घेतला.

तो फोटो आता वडिलांच्या खोलीत लावलाय. वडील आल्यागेल्याला विचारतात, सांगा कुठलं वाळवंट आहे.

धरणगावहून

मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कुठे फिरायला गेलो नाही. पण ५ मेला, बालकवींच्या पुण्यतिथीला, मी आणि माझी मोठी बहीण रेल्वेनं भादलीला जाणार आहोत. बालकवी आमच्या धरणगावचे, १८९०चा जन्म, आणि १९१८ला भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले, वय अवघं सत्तावीस. जळगावला १९०७ला कवींचं संमेलन झालं त्यात त्यांचं नाव झालं तेव्हा ते सतरा वर्षांचे पण नव्हते. भादलीला सगळ्या गाड्या थांबत नाहीत म्हणून पॅसेंजर बघून ठेवलीय. तिथे जाऊन दोघांनी एकेक कविता म्हणायची एवढंच ठरलंय.

अमळनेरहून

आमच्या गावात फेब्रुवारी २०२४ला साहित्य संमेलन झालं, सत्याण्णवावं, रवींद्र शोभणे अध्यक्ष. त्याआधी अमळनेरला झालं होतं ते १९५२ला. माझे आजोबा त्या वेळी मांडवात पाणी द्यायला होते. २०२४ला मी माझ्या मुलाला घेऊन पुस्तकांच्या स्टॉलवर तीन दिवस फिरलो आणि तिथे त्यानं स्वतःच्या पैशानं बहिणाबाईंच्या गाण्यांचं पुस्तक घेतलं. तेव्हापासून आमच्या घरी एक पद्धत पडली. उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर गाद्या टाकल्या की झोपायच्या आधी कुणीतरी एक काहीतरी वाचायचं. यंदा माझ्या आईची पाळी आली. तिला वाचता येत नाही. मुलानं ओळ वाचायची आणि तिनं ती तिच्या चालीत म्हणायची असं सुरू झालं, आणि तिच्या तोंडी शब्द पुस्तकापेक्षा जास्त बरोबर बसतात, कारण तिची बोली तीच. असोद्याची आहे ना ती, बहिणाबाईंच्याच माहेरची. तिसऱ्या रात्री शेजारच्या गच्चीवरचे पण गप्प बसून ऐकायला लागले.

सुरतहून

मी उशिरा लिहितेय, आखाजी करूनच परत आले म्हणून. पारोळा तालुक्यातलं माहेर, लग्नानंतर एकोणीस वर्षं सुरतला, मिस्टर कापड मार्केटमध्ये. आपल्याकडची किती माणसं आहेत इथे, आखाजीच्या आदल्या रात्री उधना स्टेशनवर अहिराणीशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही.

गेली पाच-सहा वर्षं काही ना काही कारणानं जमलं नव्हतं. यंदा दोन्ही पोरींना घेऊन गेले. घागर भरली, डांगर ठेवलं, पितरांसाठी विस्तवावर घास, म्हणजे आगारी, टाकली, वडिलांचं नाव घेतलं. मांडे काकूनं केले, तिच्यासारखे आता गावात दोनच जणी करतात. पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर घेऊन ती मनगटापासून कोपरापर्यंत अशी खेळवत मोठी करते, पोळी तिच्या हातावरून खाली लोंबायला लागते, आरपार दिसतं, आणि नेमक्या त्या वेळी ती खापरावर पालथी टाकते. माझी मोठी पोरगी भरतनाट्यम शिकते, ती बघतच राहिली. म्हणाली, मम्मी, आजीचे खांदे बघ, अजिबात हलत नाहीत.

दुपारी कडुनिंबाला झोका बांधला. मी लहान होते तेव्हा एका झोक्याला पंधरा-वीस पोरी असायच्या, यंदा पाच होत्या, त्यात दोन माझ्याच. गाणी कुणाला पाठ नव्हती. मलाही अर्धवटच. आई ओट्यावर पडलेली होती, गुडघे दुखतात तिचे, ती तिथूनच म्हणायला लागली. गौराईची, सासरची, भाऊ घ्यायला येतो त्याची. मी मोबाईल तिच्या उशाशी ठेवला. पोरी झोका घेत होत्या आणि ती झोक्याच्या लयीत म्हणत होती, झोका पुढे गेला की ओळ वर, मागे आला की खाली. मधे करकर करकर दोराचा आवाज आलाय, तो पण रेकॉर्ड झालाय, तो मी काढणार नाही.

एकोणतीस गाणी झाली. मला वाटलं ती थकली असेल म्हणून मी पाणी आणायला उठले तर हात धरून म्हणते, "बस ना व माय, एक ऱ्हाई गयं."